पडद्यामागील कर्ती : सई परांजपे

वर्गांत चित्रपटाचा विषय निघाला म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडून प्रथम नायकाचें नांव येतें, मग नायिकेचें, आणि फारच झालें तर गाणें कोणीं म्हटलें त्याचें. चित्र केलें कोणीं, असें विचारलें तर बहुतेक मुलें गप्प बसतात. एका चुणचुणीत मुलीनें एकदां "ज्यानें पैसे घातले त्यानें" असें उत्तर दिलें, आणि तेंहि अगदींच खोटें नाहीं. परंतु ज्याच्या मनांत तें चित्र प्रथम उभें राहतें, आणि शेंकडों माणसांच्या हातून जो तें पडद्यावर उतरवून घेतो, त्या दिग्दर्शकाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. उदाहरणासाठीं आम्हीं मुद्दाम एक महाराष्ट्रीय स्त्री निवडली आहे. चित्रपट, दूरचित्रवाणी, रंगभूमि आणि बालवाङ्मय या चारहि क्षेत्रांत ज्यांनीं काम केलें त्या श्रीमती सई परांजपे.

चित्रपटाच्या खेळास फ्रान्स देशांत आरंभ झाला. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस शहरांत लुमिएर बंधूंनीं पैसे घेऊन लोकांस हलतीं चित्रें दाखविलीं, आणि अवघ्या सहा-सात महिन्यांनीं, ७ जुलै १८९६ रोजीं, त्यांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत झाला. पुढें दादासाहेब फाळके यांनीं मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला, आपल्या पुराणांतील चरित्रें अशींच कां दिसूं नयेत असा ध्यास घेतला, आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला. फ्रान्समध्यें १९५० नंतरच्या काळांत कांहीं तरुण टीकाकारांनीं, आणि त्यांत फ्रान्स्वा त्रुफो हे प्रमुख, असा आग्रह धरिला कीं, ग्रंथाला जसा ग्रंथकार तसा चित्रपटाला दिग्दर्शक; लेखणीऐवजीं त्याच्या हातीं चित्रणयंत्र असतें एवढाच काय तो भेद. त्याच मंडळींतले एरिक रोमेर हे गृहस्थ आरंभीं शाळामास्तर होते, आणि १९६० नंतरच्या वर्षांत त्यांनीं फ्रेंच शालेय दूरचित्रवाणीसाठीं पुष्कळ शिक्षणपट तयार केले. हें वाचून आम्हां शाळामास्तरांस थोडें बरें वाटतें, हें आम्ही लपवीत नाहीं.

मग हा दिग्दर्शक करतो तरी काय? समजा, गोष्टींत एक वाक्य आहे : 'म्हातारी विहिरीवरून घागर घेऊन घरीं आली.' लेखकाचें काम येथें संपलें. दिग्दर्शकाचें येथून सुरू होतें. म्हातारी लांबून यावयाची कीं जवळून? प्रथम तिचा चेहरा दाखवावयाचा, कीं धुळींतून चालणारे पाय? घागर भरलेली आहे हें प्रेक्षकास कशावरून कळावें? हिंदकळणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून, कीं ओल्या झालेल्या खांद्यावरून? आणि हें सारें किती वेळ चालावें? चित्रफितीवर एका सेकंदास चोवीस चित्रें उमटतात; तेव्हां अर्ध्या मिनिटाचें हें दृश्य म्हणजे सातशें वीस चित्रें झालीं. शिवाय चित्रण गोष्टीच्या क्रमानें होत नाहीं. एका घरांतील सर्व प्रसंग एकदम घेऊन टाकणें सोयीचें व स्वस्त पडतें. त्यामुळें शेवटचा प्रसंग पहिल्या आठवड्यांत आणि पहिला प्रसंग महिन्यानंतर, असेंहि घडतें. नटास आपण कोठें आहों हें कळेनासें होतें. संबंध गोष्ट डोक्यांत घेऊन वावरणारा एकच मनुष्य तेथें असतो, आणि तो दिग्दर्शक. त्यानंतर संकलनाचें काम. तेथें हे शेंकडों तुकडे निवडून, कापून, जोडून घ्यावयाचे. शिंप्याकडे कापड पुष्कळ असतें. सदरा मात्र कात्रीनें होतो.

दूरचित्रवाणीचें काम याहून थोडें निराळें. तिचा पडदा लहान. त्यावर विस्तीर्ण माळ आणि त्यांतून चाललेला ठिपक्याएवढा मनुष्य दाखविला तर कांहींच दिसत नाहीं. तेथें चेहरा, बोलणें आणि खोलीभर अवकाश यांवरच भागवावें लागतें. प्रेक्षकहि अंधारांत तिकीट काढून बसलेला नसतो. तो घरीं जेवत असतो, मध्येंच उठतो, पाहुण्यांशीं बोलतो. जुन्या काळच्या दूरचित्रवाणीच्या कलागृहांत दोन-तीन यंत्रें एकाच वेळीं चालत, आणि कोणत्या यंत्राचें चित्र केव्हां घ्यावयाचें हें दिग्दर्शकास तेथल्या तेथें ठरवावें लागे. थोड्या पैशांत, थोड्या जागेंत आणि थोड्या वेळांत काम उरकण्याची ही शाळा होती. सईबाईंची तालीम या शाळेंत झाली, हें पुढें त्यांच्या चित्रपटांकडे पाहतांना ध्यानांत ठेवावें.

सईबाईंचा जन्म १९ मार्च १९३८ रोजीं लखनौ येथें झाला. घराणें मूळचें कोंकणांतलें. आजोबा म्हणजे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे; केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत १८९९ सालीं पहिल्या स्थानाचा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ, पुढें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल आणि लखनौ विद्यापीठाचे कुलगुरु. आई शकुंतलाबाई यांनींहि केंब्रिज येथें गणिताचें शिक्षण घेतलें. 'प्रभात'च्या 'कुंकू' या १९३७ सालच्या चित्रपटांत त्यांनीं भूमिका केली. कुटुंबनियोजनाचें कार्य लोक नांवें ठेवीत असतां वर्षानुवर्षें चालविलें. आणि १९६४ पासून सहा वर्षें त्या राज्यसभेच्या नियुक्त सभासद होत्या. वडील युरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार होते. आईवडिलांचा विवाह फार टिकला नाहीं. मुलगी आई व आजोबा यांच्याजवळच वाढली. आजोबा १९४४ ते १९४७ या काळांत हिंदुस्थानचे हायकमिशनर म्हणून ऑस्ट्रेलियांत होते; त्या वेळचीं कांहीं वर्षें सईचीं तिकडेच गेलीं.

अशा घरांत जन्म मिळाला म्हणजे सारें सोपें होतें, असें कोणी म्हणेल. कांहीं अंशीं तें खरेंच आहे, आणि तें नाकारण्यांत स्वारस्य नाहीं. ज्या घरांत ग्रंथ आहेत आणि मुलीच्या बोलण्याकडे थोर माणसें कान देतात, तेथील मुलीस अर्धा रस्ता कापलेलाच मिळतो. पण उरलेला अर्धा कोणासच चुकत नाहीं. या मुलीनें रचलेल्या गोष्टींचें 'मुलांचा मेवा' हें पुस्तक प्रसिद्ध झालें तेव्हां तिचें वय आठ वर्षांचें होतें. आमच्या पांचवीच्या वर्गांतील कित्येक मुलें रोज घरीं आजीला किंवा धाकट्या भावंडांस याहून सरस गोष्टी रचून सांगत असतील. त्या लिहून घेणारें कोणी नसतें, एवढेंच.

पुणें आकाशवाणीवर त्यांनीं निवेदिकेचें काम केलें आणि मुलांचे कार्यक्रम बसविले. पुढें दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयांत शिक्षण घेऊन १९६३ सालीं त्या तेथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यानंतर दिल्ली दूरदर्शन. आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला होता. त्यामुळें सईबाई तेथें काम करूं लागल्या तेव्हां तें साधन अजून बाल्यावस्थेंतच होतें, आणि मळलेली वाट कोणापुढेंच नव्हती. तेथें त्यांनीं केलेल्या 'द लिटल टी शॉप' या चहाच्या दुकानावरील दूरचित्रपटास १९७२ सालीं तेहरान येथें आशियाई प्रसारण संघाचें पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं २ ऑक्टोबर रोजीं मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालें, आणि त्याच्या उद्घाटनाचा कार्यक्रम बसविण्यासाठीं त्यांचीच निवड झाली. मुलांसाठीं चित्रपट काढणाऱ्या बालचित्र समितीच्या अध्यक्षपदाचें कामहि त्यांनीं दोन वेळां पाहिलें; 'जादू का शंख' (१९७४) आणि 'सिकंदर' (१९७६) हीं त्या काळचीं त्यांचीं बालचित्रें.

ज्या चित्रानें त्यांचें नांव देशभर झालें तें 'स्पर्श', सन १९८०. शाळेच्या मासिकांत त्याविषयीं दोन शब्द अधिक लिहिले तर वाचक आम्हांस क्षमा करतील, कारण तें एका शाळेचेंच चित्र आहे. अंध मुलांच्या विद्यालयाचे मुख्याध्यापक अनिरुद्ध परमार हे स्वतः अंध. डॉक्टरांचें घर शोधीत असतां त्यांच्या कानीं एक गाणें पडतें, आणि त्या आवाजाच्या रोखानें चालत ते भलत्याच दारीं येऊन उभे राहतात. गाणारी बाई म्हणजे कविता; पतीच्या निधनानंतर ती एकाकी राहत असते. ती पुढें त्यांच्या शाळेंत मुलांना शिकवूं लागते. दोघांचा स्नेह जडतो, विवाह ठरतो, आणि मग अनिरुद्धांच्या मनांत कांटा सलूं लागतो : ही माझ्यावर प्रेम करते, कीं माझी कींव करते?

या प्रश्नासाठीं दिग्दर्शिकेनें व्याख्यान दिलेलें नाहीं. एक पेला कॉफी दाखविली आहे. आपल्या कचेरींत पाहुणी आली म्हणून मुख्याध्यापक स्वतः कॉफी करावयास उठतात. ती चटकन् पुढें होऊन मदत करूं जाते. आणि तो शांत, सभ्य मनुष्य एकदम संतापतो. प्रथम पाहणारास वाटतें, यांत रागावण्यासारखें काय झालें? बिचारी मदतच तर करीत होती! परंतु तो 'बिचारी' आणि ती 'मदत' यांच्यामध्येंच सगळी गोष्ट आहे. जो मनुष्य एक संबंध शाळा चालवितो त्याला स्वतःच्या कचेरींत कॉफी करतां येणार नाहीं, असें तिनें कशावरून ठरविलें? आमच्याकडे पूर्वीं कुबडी घेऊन येणारा एक विद्यार्थी होता. फाटकांत पाऊल टाकतांच दोघे-तिघे धांवत जाऊन त्याचें दप्तर हिसकून घेत. सर्वांचे हेतु चांगले. तो मात्र दर वेळीं दप्तराचा पट्टा घट्ट धरून ठेवी, आणि मुलें म्हणत, याला उपकाराची जाणीव नाहीं. 'स्पर्श' पाहतांना आम्हांस त्या पट्ट्यावरील बोटांची आठवण झाली.

या चित्राचें चित्रण दिल्लीच्या अंध साहाय्य संस्थेच्या शाळेंत झालें, आणि त्यांत दिसणारीं पुष्कळशीं मुलें त्या शाळेचीं खरींखुरीं विद्यार्थी होतीं. मुख्याध्यापकाची व्यक्तिरेखाहि तेथील मुख्याध्यापकांवरूनच सुचलेली. नसीरुद्दीन शहा यांनीं ही भूमिका केली आणि शबाना आझमी यांनीं कवितेची. राष्ट्रीय पारितोषिकांत या चित्रास उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा, शहा यांस उत्कृष्ट नटाचा, आणि सईबाईंस उत्कृष्ट पटकथेचा मान मिळाला. आम्हांस यांतील पटकथेचा मान सर्वांत योग्य वाटतो. दया आणि प्रेम यांतील अंतर दाखविणें नटाच्या हातीं थोडें आणि लिहिणाऱ्याच्या हातीं फार असतें.

यानंतरच्या 'चश्मे बद्दूर' (१९८१) या चित्रांत त्यांनीं सूर अगदींच बदलला. दिल्लींत एका खोलींत राहणारे तीन विद्यार्थी, दोन उनाड आणि एक अभ्यासू. दारोदार धुण्याची पूड विकावयास येणारी एक मुलगी. आणि त्या दोघां उनाडांनीं मारलेल्या थापा. ही गोष्ट त्यांनीं पूर्वीं दूरचित्रवाणीसाठीं लिहिलेल्या 'धुआं धुआं' या नाटकावरून घेतली होती. एक खोली, चार माणसें आणि भरपूर बोलणें हा लहान पडद्याचा संसार तिच्यांत उघड दिसतो. मारामारी नाहीं, बीभत्स कांहीं नाहीं, आणि हंसणें तर थांबत नाहीं. ५ एप्रिल २०१३ रोजीं याच गोष्टीवरून दुसऱ्यांनीं केलेलें नवें चित्र झळकलें, आणि त्याच दिवशीं हें जुनें चित्रहि स्वच्छ करून पुन्हां प्रदर्शित झालें. बत्तीस वर्षांनंतर तिकीट काढून पाहण्याजोगें विनोदी चित्र आमच्या देशांत फार नसेल.

'कथा' (१९८३) हें चित्र शं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून घेतलें आहे. मुंबईची चाळ, तींत राहणारा सरळ, लाजाळू कारकून राजाराम हा कासव, आणि त्याच्याकडे पाहुणा म्हणून येऊन ठाण मांडणारा, गोडबोल्या, लबाड मित्र बाशू हा ससा. बाशू सर्वांचीं मनें जिंकतो, फसवितो, आणि निस्तरावयाची वेळ आली कीं पसार होतो. आम्हीं हें चित्र मुलांबरोबर पाहिलें आणि नंतर त्यांस विचारलें, शर्यत कोणीं जिंकली? तीस मुलांपैकीं निम्म्यांनीं ससा म्हणून सांगितलें. एकजण म्हणाला, "सर, कासव जिंकलें खरें, पण तें जिंकल्याचें कोणाला कळलेंच नाहीं." क्रमिक पुस्तकांतील गोष्टीच्या शेवटीं जें छापलेलें असतें तें पाठ म्हणण्यापेक्षां हें उत्तर आम्हांस अधिक आवडलें. सईबाईंनीं ती जुनी गोष्ट मोडली नाहीं, पण ससा पळून गेल्यावर मागें राहिलेल्यांचें काय झालें हें दाखवून तिला चाळींत आणून उभें केलें. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक या चित्रासहि मिळालें.

पुढील कार्याचा उल्लेख थोडक्यांत करतों. दूरदर्शनसाठीं 'अडोस पडोस' आणि 'छोटे बडे' या मालिका, 'पपीहा' (१९९३) आणि दोन गायिका भगिनींवरील 'साज' (१९९७) हे चित्रपट, 'जास्वंदी', 'सख्खे शेजारी', 'माझा खेळ मांडूं दे' हीं नाटकें. महाराष्ट्रांतील एका लहानशा खेड्यांत स्त्रियांनीं दारूबंदीसाठीं जो लढा दिला त्यावर त्यांनीं 'चूडियां' हा लघुपट १९९३ सालीं केला, आणि सामाजिक विषयावरील लघुपटासाठीं असलेलें राष्ट्रीय पारितोषिक त्यास मिळालें. ज्या घरांत संध्याकाळीं दारूचा वास येतो त्या घरांतील मुलांस हा विषय समजावून सांगण्याचें कारण नाहीं. २००६ सालीं सरकारनें त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली. २०१६ सालीं 'सय : माझा कलाप्रवास' हें त्यांचें आत्मवृत्त प्रसिद्ध झालें. आणि जानेवारी २०२५ मध्यें छत्रपति संभाजीनगर येथील अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत पद्मपाणि जीवनगौरव पुरस्कार देऊन त्यांचा सन्मान झाला. म्हणजे वडीगोद्रीच्या फाट्यावरून जी गाडी थेट जाते, त्याच शहरांत.

कित्येक पालक आम्हांस विचारतात, मुलीनें हा धंदा करावा काय? आमच्यापाशीं याचें सरसकट उत्तर नाहीं. एवढें मात्र सांगतां येईल कीं, पडद्यावर चमकणें आणि पडद्यामागें काम करणें हे दोन अगदीं वेगळे धंदे आहेत. दुसऱ्यास लागतें तें भाषेचें ज्ञान, हिशेबाची शिस्त, माणसांशीं गोडीनें पण ठामपणें वागण्याची संवय, आणि पाहण्याची नजर. त्याचें शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूट १९६० सालींच स्थापन झाली. हातांतील मोबाईलवर दिवसभर दुसऱ्यांचीं चित्रें पाहणें हें मात्र त्या शिक्षणांत मोडत नाहीं.

'दिशा' या १९९० सालच्या चित्राविषयीं लिहावयाचें आम्हीं मुद्दाम राखून ठेविलें होतें. गिरण्यांच्या मुंबईची ही गोष्ट. १८ जानेवारी १९८२ रोजीं तेथील सुमारें अडीच लाख गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर तें जग पूर्ववत् कधींच झालें नाहीं. पण खेड्यांतून तिकडे जाणारा रस्ता कांहीं बंद पडला नव्हता. एका कोरड्या, तहानलेल्या खेड्यांतले वसंत आणि सोमा हे दोघे मित्र; नाना पाटेकर आणि रघुवीर यादव यांनीं या भूमिका केल्या आहेत. शेतांत पाणी नाहीं म्हणून शहराची वाट धरावयाची. तेथें एकेका खोलींत इतकीं माणसें कीं, एका पाळीचे कामगार कामावर गेले म्हणजे दुसऱ्या पाळीचे त्यांच्याच जागीं पथारी टाकतात. इकडे गांवांत विडीचा कारखाना येतो, आणि सोमाची बायको हंसा विड्या वळावयास जाऊं लागते. तिच्या हातीं प्रथमच स्वतःचा पैसा येतो, आणि घरांतलीं सारीं नातीं आपापल्या जागेवरून थोडीं सरकतात.

या सर्वांच्या मध्यें एक मनुष्य जागचा हालत नाहीं. सोमाचा भाऊ परशुराम, म्हणजे ओम पुरी, आपल्या शेतांत विहीर खणीत असतो. वर्षें जातात, गांव हंसतो, लोक त्याला वेड्यांत काढतात, आणि तो खणतच असतो. आमच्या बाजूस दसरा-दिवाळी झाली म्हणजे अंबड आणि घनसावंगी भागांतून ऊसतोडीस जाणाऱ्या मंडळींच्या गाड्या भरूं लागतात. वर्गांतील बाक रिकामे होतात, आणि मागें राहिलेलीं मुलें आजी-आजोबांजवळ राहून शाळेस येतात. शहागडास गोदावरी आहे, पैठणास धरण आहे, आणि तरीहि उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. कोण गेलें तें बरोबर, कोण राहिलें तें चूक, असा निवाडा 'दिशा'मध्यें नाहीं. जाणाराहि खरा आहे, आणि मागें राहून खड्ड्यांत उतरणाराहि खरा आहे.

परशुरामाच्या विहिरीला अखेर पाणी लागतें. चित्र हिंदींत आहे. परंतु त्यांतली माती, त्यांतले चेहरे आणि त्या विहिरीच्या तळाशीं दिसणारी पहिली ओल ओळखण्यास आमच्या वाचकांस दुभाष्याची गरज पडणार नाहीं.